बोलक्याला ठाऊक, लिहित्याला नाही

थोरलीने नव्या मशीनमधून निघालेलं कलबूत हातात घेतलं, अंगठ्याच्या मुळाशी आपलं बोट टेकवलं आणि ते टेबलावर परत ठेवून दिलं.

"हे नाही," ती म्हणाली.

कलबूत म्हणजे लाकडाचा पाय. ज्याचा जोडा करायचा त्याच्या मापाबरहुकूम ते कोरायचं, त्याच्यावर कातडं ताणायचं, खाली तळ बसवायचा, आणि जोडा तयार झाला की कलबूत काढून फळीवर ठेवायचं. ह्या दोघी जावांच्या कारखान्यात अशी लाकडी पावलं छताला टेकली होती. कारखाना म्हणायचं ते आपलं मोठेपणाने, होत्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. गिऱ्हाइकं सगळी एकाच दुखण्याची, खरं म्हणजे न दुखण्याची. साखरेच्या आजाराने त्यांचे पाय बधिर झालेले. तुमच्याआमच्या पायाला जोडा चावला की आपण चार पावलांत बोंब मारतो. ह्यांचा पाय तोंडातून अवाक्षर काढत नाही. संध्याकाळी मोजा काढल्यावर रक्त दिसतं तेव्हा कळतं, आणि तोवर फार उशीर झालेला असतो.

थोरली मापं घ्यायची, कातडं कापायची, शिवायची. धाकटी प्रोग्रॅम लिहायची. माप आत घालायचं, प्रोग्रॅमने कुठे किती जागा सोडायची ते ठरवायचं, आणि मशीनने तसं लाकूड कोरायचं. धाकटी ह्या घरात आली ती संगणक बगलेत मारूनच आली होती. कानामागून आली आणि तिखट झाली, असं पहिल्या वर्षी थोरली दोनतीनदा म्हणाली. मग एकदा मशीनने कोरलेलं कलबूत तिने हातात घेतलं, आणि त्यानंतर पुन्हा म्हणाली नाही.

"हे नाही म्हणजे काय, ताई?" धाकटी म्हणाली. "भाऊंचंच जुनं माप घातलंय. फाइल तीच आहे. जुन्या संगणकावरून उचलली, नव्यावर ठेवली. एक अक्षर बदललेलं नाही."

थोरलीने फळीवरून भाऊंचं जुनं कलबूत काढलं आणि दोन्ही शेजारी मांडली. हाताच्या काकणाला आरसा कशाला? अंगठ्याच्या मुळाशी जुन्याला छान फुगवटा होता, नव्याला जेमतेम.

"फाइल खोटं बोलत नाही," धाकटी म्हणाली.

"मग लाकूड खोटं बोलतंय का?"

भाऊ म्हणजे टपाल वाटणारे. नात्याने कोणी नव्हेत, पण ह्या कारखान्यातलं पहिलं यश म्हणजे भाऊंचा डावा पाय, म्हणून घरातलेच. चाललं नाही तर माणूस गंजतो, असं त्यांचं म्हणणं, आणि खरोखरच दिवसभर जिने चढून-उतरून ते टपाल वाटायचे. जोडा नीट बसेपर्यंत त्या पायाने तीन जखमा सोसल्या होत्या. प्रत्येक जखमेनंतर थोरलीने काहीतरी सुचवायचं आणि धाकटीने प्रोग्रॅममध्ये आकडा हलवायचा, असं करत करत शेवटी जोडा साधला होता. मग परवाच्या उन्हाळ्यात भाऊ मेहुण्याच्या मुलीच्या लग्नात मिरवायला दुकानातले चकचकीत बूट घालून गेले आणि पाय फोडून घेऊन आले. जखमेवर भार पडू नये म्हणून डॉक्टरांनी पायाला प्लास्टर घातलं. ते आता सोमवारी निघणार होतं. डॉक्टरांनी दोघी जावांना बसवून सांगितलं होतं, की जखम भरलीय, पण कातडी अजून कोवळी आहे. आता पुन्हा तिथेच जखम झाली तर बोटं वाचवता येणार नाहीत. प्लास्टर निघालं की पाय जमिनीला टेकायचा तो तुमच्या जोड्यातच.

प्लास्टरमध्ये इतके दिवस राहिलेला पाय बारीक होतो, आकारही बदलतो. म्हणजे जुनं कलबूत चालणार नाही. सोमवारी नवं माप घ्यायचं, नवं कोरायचं, आणि ते पहिल्या फटक्यात बरोबर यायला हवं. चुकतमाकत शिकायची सोय संपली होती. जुन्या मशीनची मोटर जळाल्यामुळे नवं मशीन, नवा संगणक आणला होता, आणि आज शुक्रवारी त्याची परीक्षा घेतली तर ते पहिल्याच पेपरात नापास.

"घोडं कुठे पेंड खातंय ते बघतेच," असं म्हणून धाकटी जुन्या संगणकापुढे जाऊन बसली. तिच्या आवाजात घाबरल्याची खूण नव्हती. यंत्र रुसलं की तिला उलट हुरूप यायचा, हे थोरलीला माहीत होतं.

जुन्या पडद्यावर नेहमीप्रमाणे दोन खिडक्या शेजारी शेजारी होत्या. थोरलीने त्यांना नावं ठेवली होती. डावीकडचा लिहित्या. त्यात प्रोग्रॅम लिहायचा, खोडायचा, जपून ठेवायचा, आणि तो मुकाट्याने सांभाळतो. उजवीकडचा बोलक्या. त्याला एक ओळ सांगितली की तो लगेच उत्तर देतो. दोन अधिक दोन विचारा, भाऊंच्या अंगठ्याला किती जागा हवी विचारा, त्याचं तोंड तयार. बोलक्याला सांगितलेलं लक्षात राहतं, पण चालू आहे तोवरच. खिडकी मिटली की पाटी कोरी.

हा संगणक सुरू व्हायलाच इतका वेळ घ्यायचा, की तो कोणी बंदच करत नसे. रात्री फक्त पडदा मालवायचा. महिनोन् महिने बोलक्या जागाच होता.

तेवढ्यात दार वाजलं. वायरमन आत आला. सगळ्या इमारतीची जुनी वायरिंग काढून नवी घालायचं काम चाललं होतं, म्हणून लिफ्टही बंद.

"मॅडम, वरचा मजला उरकतोय. मग तुमची लाइन तोडतो. दोन दिवस वीज नाही. काय बंद करायचं ते करून घ्या."

"किती वेळ आहे?" धाकटीने विचारलं.

"माझा हात चालतो तेवढा."

"मग जरा सावकाश चालू दे," थोरली म्हणाली. वायरमन हसला आणि वर गेला. वीज गेल्यावर संगणक थोडा वेळ तगवणारी एक बॅटरी त्यांच्याकडे होती, पण ती केव्हाच मेली होती आणि सध्या दार उघडं धरण्याच्या कामी लागली होती.

धाकटीने बोटं मोडली. काही अडलं की पहिलं काम काय, तर लिहित्यातलं सगळं ताजं करून बोलक्याच्या गळी उतरवायचं. त्याला एक कळ होती. तिचं बोट त्या कळेवर इतक्या वेळा पडलं होतं की कळेवरचं अक्षर पुसलं गेलं होतं; भाऊंचा जोडा साधल्यापासून मात्र तिची गरजच पडली नव्हती. आताही बोट आपोआप तिकडे निघालं, कळेला टेकलंसुद्धा.

आणि तिथेच थांबलं.

"काय झालं?" थोरलीने विचारलं.

"थांबा, ताई. आधी विचारते."

तिने कळेवरून बोट उचललं, अगदी हळू, आणि बोलक्याला भाऊंचं जुनं माप देऊन अंगठ्याची जागा विचारली. बोलक्या म्हणाला, सात. मग तिने लिहित्यातला प्रोग्रॅम डोळ्यांनी वाचला. तिथे सरळ लिहिलेलं होतं, चार. कोणीही येवो, कसाही पाय असो, चार मिलिमीटर.

धाकटी खुर्चीत मागे रेलली आणि मोठ्याने हसली.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा. ताई, आठवतं का? भाऊंची तिसरी जखम. तुम्ही माझ्या मागे उभ्या राहून सांगत होतात, असं कर, तसं कर. मी लिहित्यात लिहिलंच नाही. नवा नियम थेट बोलक्याला सांगितला. म्हटलं, जमतंय का बघू, मग उतरवून घेऊ. जमलं. भाऊ जोडा घालून नाचले. आपण तिघं खाली चहाला गेलो."

"आणि उतरवायचं राहिलं."

"राहिलं. तेव्हापासून सगळी कलबुतं बोलक्या आपल्या मनाने कोरून घेतोय. आपण समजतोय फाइल शहाणी आहे. फाइल बिचारी भाऊंच्या दुसऱ्या जखमेपाशीच उभी आहे."

थोरलीचा चेहरा उतरला. "आणि आता ती कळ दाबली असतीस तर?"

"तर लिहित्याने बोलक्याचं तोंड बंद केलं असतं. सातचे चार झाले असते, आणि सात कुठून आले होते हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं."

"मग विचार ना त्यालाच, नियम काय आहे म्हणून."

"तीच तर त्याची खोड आहे. हा नियम पाळतो, पण सांगत नाही. मी टाइप केलेल्या ओळी केव्हाच वर सरकून गेल्या. त्याला मागच्या थोड्याच आठवतात." धाकटी बाह्या सरसावून पुढे सरकली. "पण उत्तरं तर देतो ना? उत्तरं देणाऱ्याकडून नियम काढून घेता येतो. बसा शेजारी. नियम तुमचाच आहे, मी नुसता टाइप केला होता."

वरच्या मजल्यावर ड्रिल सुरू झालं. थोरलीने स्टूल ओढलं.

धाकटीची रीत साधी होती. सगळं जिथल्या तिथे ठेवायचं आणि एकच गोष्ट हलवायची. तिने मनानेच एक डावा पाय घडवला, मध्यम रुंदीचा, दोन्ही पावलं सारखी. बोलक्या म्हणाला, चार. रुंदी जरा वाढवली, उत्तर जरा वाढलं. आणखी वाढवली, आणखी वाढलं. दोन मिलिमीटर रुंदीला एक मिलिमीटर जागा, हिशेब सरळ. मग तिने रुंदी एकदम भलतीच टाकली.

"अगं, असा माणसाचा पाय नसतो," थोरली म्हणाली. "हत्तीचा असतो."

"हत्तीला विचारल्याशिवाय माणसाचं कळत नाही." बोलक्या आठवर अडून बसला. धाकटीने आणखी मोठा हत्ती आणला. तरी आठच. "बघा. आठच्या वर जाऊ नको, असं तुम्ही सांगितलं होतंत."

"सांगणारच. त्याच्यापुढे पाय आत सरकायला लागतो. मग घासून जखम होते." थोरली आता पुढे वाकून बसली होती. "दोन पायांत फरक घालून बघ."

धाकटीने उजवं पाऊल डाव्यापेक्षा लहान केलं. उत्तर एकाने वाढलं. फरक उलटा केला, काहीच वाढलं नाही.

"बरोबर," थोरली म्हणाली. "एक पाय आखडता घेतला की भार दुसऱ्यावर पडतो. ज्याच्यावर पडतो त्यालाच जागा द्यायची. हे मी बोलले होते, तू नुसतं हूं म्हणालीस. मला वाटलं पालथ्या घड्यावर पाणी."

"हूं म्हणत टाइप करत होते."

एकेक सापडेल तसं धाकटी ते लिहित्यात उतरवत गेली, आणि ह्या वेळी दर ओळीला जपून ठेवत गेली. फक्त ती पुसट अक्षराची कळ मात्र चुकूनही लागू नये म्हणून थोरलीने तिच्यावर शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान उपडं घातलं. बोट चुकून गेलंच तर पत्र्यावर आपटलं असतं. उत्तर सांगायची थोरलीने घाई केली की धाकटी म्हणायची, आधी बोलक्याला बोलू द्या. धाकटीने उतरवायला उशीर केला की थोरली म्हणायची, लिहिलंस का? दोघींची अशी जुगलबंदी चालली असताना वरचं ड्रिल थांबलं.

वायरमन खाली आला, हातात पक्कड. "तोडू का?"

"एकच परीक्षा उरलीय," धाकटी म्हणाली. तिने नवी फाइल नव्या संगणकावर नेली, तिथे एक कोरा बोलक्या उघडला आणि त्याला ती वाचायला दिली. मग जुन्याला आणि नव्याला तेच तेच पाय विचारत गेली. लहान, मोठा, हत्तीचा. जुना सहा म्हणे, नवा सहा म्हणे. जुना आठ, नवा आठ. शेवटी तिने भाऊंचं जुनं माप दोघांना घातलं.

जुना म्हणाला, सात. नवा म्हणाला, सहा.

थोरली पडद्यापाशी वाकली. वायरमनही आता पडद्याकडे बघायला लागला होता.

"काय शोधताय?" त्याने विचारलं.

"एक मिलिमीटर."

"एवढंच?"

"तुमच्या बुटात खडा गेला तर केवढा असतो?" थोरली म्हणाली. वायरमनने पक्कड खिशात ठेवली आणि दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला.

धाकटीने डोळे मिटले. तिला चुकल्याचं वाईट वाटत नव्हतं, उलट आनंद होत होता, कारण चूक आता एका जागी कोंडली गेली होती. बाकी सगळे पाय जुळतात आणि भाऊंचाच जुळत नाही, तर भाऊंच्या मापात असं काहीतरी आहे जे तिच्या मनच्या पायांत नाही. तिने भाऊंच्या मापाची ओळ एकेक रकाना बोट ठेवून वाचली. रुंदी. उंची. दोन पायांतला फरक. माप कधी घेतलं. सकाळी.

"ताई, आपण माप कधी घेतो?"

"संध्याकाळी. नेहमीच. दिवसभर चालून पाय फुगतो, तो फुगलेलाच मोजायचा." थोरली एकदम थांबली. "भाऊ तेवढे सकाळी आले होते. टपाल वाटायला जायच्या आधी."

"आणि मी ह्या सगळ्या खोट्या पायांना सवयीने संध्याकाळच लिहीत आले."

तिने बोलक्याला आपला पहिलाच मध्यम पाय पुन्हा दिला, फक्त संध्याकाळच्या जागी सकाळ घातली. मघाशी तो चार म्हणाला होता. आता पाच म्हणाला.

दोघींच्या मनात एकच गोष्ट आली होती. सोमवारी प्लास्टर निघणार ते सकाळी, दवाखान्यात. माप तिथेच, लगेच घ्यायचं होतं, पाय जमिनीला टेकायच्या आधी. हा मिलिमीटर राहिला असता तर जोडा सकाळी अगदी झकास बसला असता. दुपारी पाय फुगला असता. भाऊंना काहीच कळलं नसतं. ते जिने चढत राहिले असते.

थोरलीचे डोळे भरून आले आणि तिने ते लपवले नाहीत. "लिहिलंस का?" ती म्हणाली.

"लिहिते."

धाकटीने ती शेवटची ओळ लिहित्यात घातली, जपून ठेवली, नव्या संगणकावर नेली, नव्या बोलक्याला वाचायला दिली आणि भाऊंचं माप विचारलं. सात. मग तिने जुन्या बोलक्याच्या खिडकीत जाऊन स्वतःच्या हाताने निरोपाची ओळ लिहिली. खिडकी मिटली. एवढे महिने जो एकटा सगळ्यांचे पाय सांभाळत होता तो गेला, आणि कोणाचंच काही अडलं नाही.

"तोडा," ती वायरमनला म्हणाली.

सोमवारी दवाखान्यात थोरलीने माप घेतलं. रकान्यात 'सकाळ' लिहिलं आणि त्याखाली दोनदा रेघ मारली. कातडं आधीच कापून ठेवलेलं होतं. नव्या मशीनने लाकूड कोरलं. थोरलीने अंगठ्याच्या मुळाशी बोट टेकवलं, आणि ह्या वेळी कलबूत खाली ठेवलं नाही, तसंच हातात धरून शिवायला बसली. खुर्चीत बसवून उचलून वर आणलेले भाऊ पाय स्टुलावर लांबवून बाकावर बसले आणि दोघींना टपालातल्या गमती सांगत राहिले. थोडे दिवस घरातल्या घरात, मग गल्लीपर्यंत, असं डॉक्टरांच्या हुकुमाने त्यांनी चालणं वाढवत नेलं. कचेरीने तोवर त्यांना टेबलावर शिक्के मारायला बसवलं होतं. शिक्के मारून मारून हात मजबूत झाला, पण माणूस गंजला, असं ते म्हणायचे.

पहिल्यांदा सगळं टपाल वाटून झाल्यावर, त्या संध्याकाळी ते कारखान्यात आले. बाकावर बसून नाडी सोडली, जोडा काढला, मोजा काढला, आणि पाय थोरलीच्या मांडीवर ठेवून स्वतः खिडकीकडे बघायला लागले.

थोरलीने दिवा जवळ ओढला. टाचेपासून अंगठा फिरवत फिरवत ती पुढे आली आणि अंगठ्याच्या मुळाशी थांबली. बराच वेळ थांबली. मग म्हणाली, "धाकटे, ये. तूही बघ."

धाकटी खाली बसली. कोवळी नवी कातडी होती, मोज्याची वीण तेवढी तिच्यावर उमटली होती. कुठेही लाली नव्हती.

"अहो, बोला की कोणीतरी," भाऊ खिडकीकडे बघतच म्हणाले. "माझा पाय तर मला काही सांगत नाही."

"आम्हाला सांगतोय," थोरली म्हणाली. "म्हणतोय, उद्याचं टपाल वाटायचंय, लवकर झोपा."

भाऊंनी मान वळवली, दोघींकडे एकदा नीट बघितलं, आणि मोजा चढवला. जोडा घातला, नाडी बांधली आणि दोघींचा निरोप घेऊन बाहेर पडले. लिफ्ट आता चालू झाली होती, दार उघडं ठेवून समोरच उभी होती. ते जिन्याने गेले.